झीज या शब्दाआड

मराठीत सांधा झिजतो. गुडघा झिजतो, मणका झिजतो, खुब्याची वाटी झिजते. कापड विरते, लाकूड कुजते, लोखंड गंजते. सांध्याला मात्र आपण जात्याच्या तळीचे आणि नांगराच्या फाळाचे क्रियापद दिले. वापरले म्हणून कमी झाले, एवढाच त्याचा अर्थ. त्यात तक्रार नाही, उलट मान आहे. चंदनासारखा देह झिजवला असे आपण ज्याच्याविषयी म्हणतो, त्याच्या पाया पडतो. म्हणून बीड जिल्ह्यातल्या एखाद्या पस्तिशीच्या बाईची दोन्ही हातांची बोटे सुजून वाकडी झाली, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळेनाशी झाली, की घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा दवाखान्यातलेही तिला एकच सांगतात : कामानं झिजलीस बाई. सांगणाऱ्याच्या मनात कणवच असते. पण निदान चुकलेले असते.

मी विकृतिशास्त्राचा शिक्षक होतो. माणसाच्या शरीराचे पातळ काप रंगवून ते सूक्ष्मदर्शकाखाली विद्यार्थ्यांना दाखवायचे, हा माझा तीसेक वर्षांचा व्यवसाय. निवृत्तीनंतर अंबाजोगाईत राहून वैद्यकाच्या इतिहासाचे वाचन सुरू केले, आणि त्या वाचनात एक प्रश्न सतत सोबतीला राहिला. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपण आमवात किंवा नुसताच 'वात' म्हणतो, त्यात सांध्यातली कूर्चा झिजत नाही. तिच्यातल्या पेशी निरोप आल्यासारख्या आपल्याच भोवतीचे बांधकाम उखडतात आणि मग मरतात. हे कळायला माणसाला इतका वेळ का लागला? आणि कळल्यावरही ते परळी-केजच्या वस्त्यांपर्यंत का पोचले नाही?

कूर्चा म्हणजे काय ते आधी सांगायला हवे. मटणाच्या नळीच्या टोकाला जे पांढरे, किंचित निळसर, गुळगुळीत आवरण असते, ती कूर्चा. माणसाच्या गुडघ्यात तिची जाडी काही मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. पेशी फार थोड्या, आकारमानाच्या शेकडा एक-दोन. बाकी सगळे कोलॅजनच्या धाग्यांचे जाळे आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. प्रत्येक पेशी आपल्या खोबणीत एकटी बसलेली असते, जुन्या वाड्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात पणती असावी तशी. तिला अन्न मिळते ते सांध्यातल्या वंगणातून झिरपत येणारे.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात आणि या लेखापुरत्या त्या महत्त्वाच्या आहेत. पहिली : मज्जातंतू नाहीत म्हणून कूर्चा मरताना दुखत नाही. दुखते ते सांध्याचे सुजलेले अस्तर आणि कूर्चेखालचे हाड. दुसरी गोष्ट डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ साली मोठ्या युक्तीने दाखवली. १९५०-६०च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता, तो त्या काळात वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात उतरला. कुठल्या वर्षी जन्मलेल्या माणसाच्या कूर्चेत तो किती आहे हे मोजल्यावर कळले की, कोलॅजनचे हे जाळे वाढीच्या वयातच विणले जाते आणि पुढे जवळजवळ बदलले जात नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी अंगात जी कूर्चा असते, तिच्यावरच जन्म काढायचा असतो.

प्राचीनांना हा सांधा कसा दिसला? सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार सांगितले, त्यांत 'तरुण' हा एक. नाक, कान, गळा, डोळ्यांची खोबण इथे तो असतो असे त्याने म्हटले; म्हणजे कूर्चा त्याने पाहिली होती, पण ती त्याला मऊ हाड वाटली. सांध्याविषयी त्याने दिलेली उपमा मात्र आपल्या ओळखीची आहे : आसाला वंगण लावले की चाक जसे नीट फिरते, तसे श्लेष्म्याने माखलेले सांधे चालतात. बैलगाडी असलेल्या समाजाला सांधा म्हणजे आस आणि चाक वाटावे, हे साहजिकच. पुढे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकराने आपल्या 'माधवनिदान' या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिले. न पचलेला 'आम' वाताबरोबर देहभर फिरतो आणि सांध्यांत जाऊन बसतो, विंचू चावल्यासारखी वेदना होते, असे ते वर्णन. हा आजचा रुमॅटॉइड की लहान मुलांना होणारा रुमॅटिक ज्वर, यावर वैद्य मंडळी अजून वाद घालतात. मला त्यातला एक विचार मोलाचा वाटतो. माधवकराच्या लेखी सांध्याचा दोष सांध्यातून उगवत नाही, तो सबंध देहाचा असतो आणि सांध्यात उतरतो. 'झीज' म्हणणाऱ्या आपल्यापेक्षा तो या बाबतीत सत्याच्या जवळ होता.

मराठवाड्यात दुसरी परंपरा होती ती युनानीची. निजामाच्या राज्यात युनानी वैद्यकाला सरकारी आश्रय होता आणि सांधेदुखीला इथले जुने लोक अजूनही 'गठिया' म्हणतात. हकिमाच्या यादीत या दुखण्यावर सुरंजान असे. ही वनस्पती कोल्चिकमच्या कुळातली. तिच्यातले कोल्चिसिन गाऊटवर, म्हणजे युरिक आम्ल साठून होणाऱ्या सांधेदुखीवर, आजही दिले जाते. रुमॅटॉइडवर त्याचा उपयोग नाही. पण गाऊट आणि रुमॅटॉइड यांतला फरकच तेव्हा जगात कुणाला धड माहीत नव्हता, तिथे मोमिनाबादच्या हकिमाला काय दोष द्यायचा? (मोमिनाबाद म्हणजेच आमचे अंबाजोगाई. निजामाच्या फौजेच्या घोडदळाची इथे छावणी होती.)

इतिहासाच्या अभ्यासकाला इथे एक अडचण येते. हाड टिकते, कूर्चा टिकत नाही. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून पुढे पंधरा वर्षे उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे सांगाडे मिळाले. रांजणांत पुरलेली लहान मुले आणि घोट्याखाली पावले तोडून पुरलेली मोठी माणसे. त्या हाडांवरून दात, वाढ, कुपोषण यांविषयी पुष्कळ कळते. सांध्याच्या कडांवरचे काटे आणि घासून चकचकीत झालेली टोकेही दिसतात. पण दोन हाडांच्या मध्ये जे होते ते मातीने कधीच खाल्लेले असते. ज्या अवयवाचा इतिहास लिहायचा, तोच पुराव्यात नाही.

तेव्हा गोष्ट पुस्तकांतूनच पुढे न्यावी लागते. १७४३ साली विल्यम हंटर या पंचविशीतल्या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यांच्या कूर्चेवर निबंध वाचला. तिचे उभे धागे, कडेला थांबणाऱ्या रक्तवाहिन्या, हे सगळे त्याने नेमके टिपले. आणि हिप्पोक्रेटीसच्या काळापासून सगळे जाणतात असे सांगत त्याने नोंदवले की, कूर्चेला व्रण झाला तर तो त्रासदायक असतो आणि एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही. पावणेतीनशे वर्षे होऊन गेली, या वाक्याला मोठा धक्का अजून कुणी लावलेला नाही.

खुद्द रुमॅटॉइडची पहिली स्पष्ट ओळख पॅरिसची. १८०० साली ऑग्युस्तँ जाकोब लांद्रे-बोव्हे याने आपल्या प्रबंधात साल्पेत्रिएर या रुग्णालयातल्या नऊ रुग्णांचे वर्णन केले. साल्पेत्रिएर म्हणजे निराधार बायकांचा आसरा, आणि हे नऊही रुग्ण बायकाच. गाऊट हा तोवर खात्यापित्या पुरुषांचा आजार समजला जाई. वैद्य लक्ष देत ते त्याच घरांकडे. या गरीब बायकांचे दुखणे त्याहून वेगळे आहे, हे एका तरुण डॉक्टरच्या लक्षात आले ते तो तिथे राहून रोज पाहत होता म्हणून. त्याने नाव मात्र 'अशक्तांचा गाऊट' अशा अर्थाचे दिले, म्हणजे ओळख पटली आणि आडनाव चुकले. ते दुरुस्त केले लंडनच्या आल्फ्रेड गॅरडने. गाऊटमध्ये रक्तात युरिक आम्ल वाढते आणि या दुसऱ्या आजारात वाढत नाही, हे त्याने सिद्ध केले आणि १८५९ साली 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव सुचवले. आजाराच्या जन्मदाखल्यावरच गरीब आणि बाई असे दोन शब्द आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१८९५ साली क्ष-किरण आले आणि सांध्याच्या आत डोकावता येऊ लागले, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. क्ष-किरणांच्या चित्रात कूर्चा दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली काळी फट. फट अरुंद झाली की डॉक्टर म्हणतात, गॅप कमी झाली. हा शब्द आता खेडोपाडी पोचला आहे. 'गॅप गेली' असे म्हातारी माणसे एसटीत एकमेकांना सांगतात. पण फट कमी झाली एवढे दिसते, का झाली ते त्या चित्रातून कळत नाही. जवळजवळ शंभर वर्षे वैद्यकाने या सावलीवरूनच अंदाज बांधला, आणि सावली पाहून सुचणारा सोपा शब्द होता झीज.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि मराठवाडा मोकळा झाला. त्यानंतर चारच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरने रुमॅटॉइडने अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला पुढे कॉर्टिसोन या नावाने जगाला माहीत झालेल्या द्रव्याचे पहिले इंजेक्शन दिले. काही दिवसांत ती चालू लागली. हेंचच्या डोक्यात ही कल्पना आली ती निरीक्षणातून : कावीळ झाली की काही रुग्णांचे सांधे तात्पुरते बरे होतात, आणि गरोदरपणातही होतात. ही दुसरी गोष्ट आपल्याकडच्या सुइणींनाही ठाऊक असणार; पोटुशी असताना बरे होते, बाळंत झाली की पुन्हा धरते, हे मी कितीदा ऐकले आहे. हेंचला दोघा रसायनशास्त्रज्ञांसह १९५०चे नोबेल मिळाले, आणि त्याच सुमारास या औषधाची दुसरी बाजू कळू लागली : चेहरा गोल होतो, हाडे पोकळ होतात, साखर वाढते, सोडले की दुखणे दुप्पट उसळते. सूज शमते म्हणून वेदना थांबते. कूर्चेचे जे चालले आहे ते मात्र बरेचसे चालूच राहते. आपल्याकडे आठवडी बाजारात आणि वैदूंकडे वातावर म्हणून मिळणाऱ्या कित्येक पुड्यांत हेच स्टेरॉइड कुटून घातलेले असते, आणि बाई दोन दिवसांत भाकरी थापू लागते म्हणून पुडीवाल्याचे नाव होते.

आता या कथेतल्या मला सर्वांत प्रिय माणसाकडे येतो. केंब्रिजमध्ये टॉमस स्ट्रेंजवेज नावाच्या विकृतिशास्त्रज्ञाने १९०५ साली रुमॅटॉइडचाच अभ्यास करण्यासाठी एक छोटे रुग्णालय काढले होते. त्याचीच पुढे प्रयोगशाळा झाली आणि १९२९ पासून १९७० पर्यंत तिची संचालक होती ऑनर फेल ही स्त्री. कोंबडीच्या अंड्यातल्या पिलाचे इवलेसे हाड काढून ते काचेच्या वाटीत दिवसेंदिवस जिवंत ठेवायचे, यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. संचालकपद सोडल्यानंतर, सत्तरी उलटल्यावर, तिने रॉजर जब या सहकाऱ्याबरोबर एक प्रयोग केला. तो १९७७ साली प्रसिद्ध झाला.

प्रयोग असा. डुकराच्या सांध्यातले अस्तर आणि कूर्चा यांचे तुकडे एकाच वाटीत ठेवायचे. काही वाट्यांत दोन्ही एकमेकांना चिकटवून, काहींत मध्ये अंतर सोडून. पुन्हा काही वाट्यांत कूर्चा जिवंत, काहींत आधीच मारलेली, म्हणजे नुसते बांधकाम, आत राहणारे कुणी नाही. अस्तर चिकटलेले असेल तर मेलेली कूर्चाही खाल्ली गेली. ते अपेक्षितच होते. पण अंतर सोडलेल्या वाट्यांत मेलेली कूर्चा जशीच्या तशी राहिली आणि जिवंत कूर्चा मात्र विरघळली. अस्तराने तिला हातही लावला नव्हता. मग तिला कुणी खाल्ले? उत्तर एकच उरते : तिच्यातल्या पेशींनी. अस्तरातून काहीतरी झिरपत आले आणि त्या निरोपावरून कूर्चापेशींनी आपली भिंत आपणच पाडली.

मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. झिजण्याला दोन दगड लागतात. इथे घासणेच नव्हते. वाटी टेबलावर स्थिर ठेवलेली, तुकडे स्थिर, आणि कूर्चा चाललेली.

त्या निरोपाला आधी 'कॅटाबोलिन' असे नाव मिळाले. जेरेमी साकलात्वाला या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचा छडा लावला, तेव्हा तो इंटरल्यूकिन-१ नावाचा प्रथिन निघाला; आणि १९८६ मध्ये साकलात्वालानेच दाखवले की ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हा दुसरा निरोप्याही कूर्चेकडून हेच काम करून घेतो. लंडनमध्ये लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी हाच निरोप्या वाटेत अडवायचे ठरवले. १९९२ साली त्यांनी पहिल्या रुग्णांना त्याविरुद्धची प्रतिपिंडे दिली, आणि आज ज्यांना बायोलॉजिकल म्हणतात त्या महागड्या इंजेक्शनांचा जन्म झाला.

राहिला पेशींच्या मरणाचा भाग. पेशी दोन तऱ्हांनी मरतात. मार लागून फुटते ते एक. दुसरे ती स्वतःला आवरते, आकसते, आपल्या केंद्रकाचे नीट तुकडे करते आणि गाजावाजा न करता संपते. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अॅलिस्टर करी यांनी १९७२ साली या दुसऱ्या मरणाला 'अॅपॉप्टोसिस' असे नाव दिले. अॅबर्डीनच्या एका ग्रीकच्या प्राध्यापकाने ते सुचवले होते. मूळ अर्थ झाडावरून पाने गळणे. मराठीत त्याला पानगळ म्हणायला माझी हरकत नाही, फक्त पानगळीनंतर पालवी फुटते आणि कूर्चेत ती फुटत नाही. १९९५ साली कॅलिफोर्नियात मार्टिन लोट्झ यांच्या प्रयोगशाळेत दिसले की नायट्रिक ऑक्साइड दिले की कूर्चापेशी या पद्धतीने मरतात. आणि इंटरल्यूकिनचा निरोप आला की कूर्चापेशी ते ऑक्साइड स्वतःच तयार करतात, हे आधीच माहीत होते. १९९९ मध्ये सोलच्या दोघा संशोधकांनी रुमॅटॉइडच्या रुग्णांच्या कूर्चेत असे मरण प्रत्यक्ष दाखवले.

सूक्ष्मदर्शकाखाली हे कसे दिसते ते सांगतो. सॅफ्रनिन नावाचा रंग दिला की निरोगी कूर्चा कुंकवासारखी लाल होते, कारण पाणी धरणारे रेणू तो रंग घेतात. रुमॅटॉइडच्या सांध्यात ही लाली उतरत जाते; पेशींच्या भोवती आधी फिके वलय पडते, मग सबंध पट्टा फिका. पुढच्या कापांत कोनाडे दिसतात आणि त्यांत कुणी नसते. रिकामे कोनाडे. कडेने सुजलेले अस्तर वर चढत आलेले असते, आणि त्याची गंमत अशी की त्यातल्या पेशी मरायला तयार नसतात. जिथे मरण हवे तिथे ते येत नाही आणि नको तिथे येते. कूर्चापेशी मेल्या म्हणून बांधकाम पडते, की बांधकाम पडले म्हणून त्या मरतात, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. माझे मत विचाराल तर आधी तोडफोड आणि मग मरण. पण पेशी एकदा गेली की दुरुस्ती करायला गवंडीच उरत नाही, म्हणून मरण हा परत न फिरण्याचा टप्पा. म्हणजे खरा प्रश्न वेळेचा. निरोप थांबवायचा तो कोनाडे रिकामे होण्याआधी, पहिल्या काही महिन्यांत.

त्यासाठी महागडे इंजेक्शनच लागते असे नाही. मेथोट्रेक्सेट ही गोळी स्वस्त आहे आणि तिच्या कुळकथेत आपलाच माणूस आहे. भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत लेडर्ली कंपनीत फॉलिक आम्लाच्या विरोधकांवर काम करवून घेतले. त्यातून आधी अमिनोप्टेरिन आणि मग मेथोट्रेक्सेट निघाले. कर्करोगासाठी बनवलेली ही औषधे. १९५१ साली गब्नर याने अमिनोप्टेरिन रुमॅटॉइडवर वापरून पाहिले, पण कॉर्टिसोनच्या झगमगाटात त्याच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. १९८५ मध्ये नीट चाचण्या झाल्या आणि तेव्हापासून हीच या आजाराची मुख्य गोळी. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. दिवस जाण्याची शक्यता असलेल्या बाईला ती देत नाहीत. आणि ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागते. या तीन अटी लक्षात ठेवून आता आपण बीडकडे वळू.

जिल्ह्यात असे रुग्ण किती? जवळचा भरवशाचा आकडा भिगवणचा आहे. इंदापूर तालुक्यातल्या या गावात पुण्याचे डॉ. अरविंद चोपडा यांनी १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कोपकॉर्ड या पद्धतीने घरोघर पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारले. शेकडा अठरा जणांना हाडा-सांध्याचे काही ना काही दुखणे होते, आणि रुमॅटॉइडचे प्रमाण निघाले शेकडा अर्धा, म्हणजे दोनशेंत एक. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. त्यातले प्रौढ सोळा लाख धरले आणि भिगवणचे प्रमाण लावले तर आठ हजार होतात. हा बोटांवरचा हिशेब आहे, पाहणी नव्हे. पण या आजारात एका पुरुषामागे दोन-तीन बायका असतात, तेव्हा पाच-सहा हजार बायका तरी आल्या.

मध्येच २००६ साल आले. त्या वर्षी चिकुनगुन्याने मराठवाड्यातली घरेच्या घरे वाकवली. हा विषाणू आपल्याला नवा नव्हता. १९७३ साली शेजारच्या बार्शीत त्याची मोठी साथ येऊन गेली होती, आणि मग तो तीसेक वर्षे गप्प होता. ताप चार दिवसांत उतरे, सांधे महिनोन्‌महिने धरून राहत, आणि काहींची बोटे हुबेहूब रुमॅटॉइडसारखी सुजत. बहुतेक लोक सावरले. पण त्यानंतर कितीतरी वर्षे कुणाचाही सांधा सुजला की 'चिकुनगुन्या निघाला नाही अंगातून' हे उत्तर तयार असे. झीज या शब्दाला एक जोडीदार मिळाला.

हा अंक हातात पडेल त्या दिवसांत बीड, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागांतून टोळ्या कारखान्यांकडे निघालेल्या असतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. फडावर दिवस पहाटे चारला सुरू होतो. रुमॅटॉइडचा ताठरपणा सर्वांत जास्त असतो तो याच वेळी. रात्रभराच्या विश्रांतीनंतर सांधे धरतात आणि तास-दोन तासांनी सैल होतात. उलट ज्याला खरोखर झीज म्हणता येईल ते दुखणे कामाने वाढते आणि विसाव्याने कमी होते. हा एक प्रश्न विचारला तरी दोन आजार पुष्कळसे वेगळे करता येतात : सकाळी जास्त दुखते की संध्याकाळी? कोयत्याची मूठ सकाळी धरता येत नाही असे बाई म्हणाली, तर तिला तपासायला हवे. पण तिने ते म्हणायचे कुणाला? एक दिवस बसली तर खाडा पडतो आणि तो उचलीतून कापला जातो. ती मोळी बांधत राहते, गोळी-पुडी घेत राहते. टोळी गुढीपाडव्याच्या पुढेमागे गावी परतते, तोवर सहा महिने झालेले असतात. वर ज्या पहिल्या काही महिन्यांचा उल्लेख केला ते हेच.

मेथोट्रेक्सेटच्या तिन्ही अटी इथे अडखळतात. आठवड्याची एक गोळी, पण फडावर वार कोण लक्षात ठेवतो? रक्त तपासायचे, पण या महिन्यात मुक्काम कर्नाटकात, पुढच्या महिन्यात सांगलीकडे. आणि वय पाळणा हलण्याचे. अंबाजोगाईला सत्तरच्या दशकात स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा खेड्यातल्या माणसाला शहरात जावे लागू नये हा हेतू होता. पण हा रुग्ण वर्षाचे सहा महिने त्याच्या खेड्यातच नसतो.

२०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. ते आकडे वाचताना मला सांधे आठवले, याचे कारण वैद्यकीय आहे : पाळी अकाली थांबलेल्या बायकांत रुमॅटॉइड अधिक आढळतो असे परदेशांतल्या काही पाहण्यांत दिसले आहे. त्या शस्त्रक्रियांमागची कारणे वेगळी आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, मनावर घेतले तर या बायकांना घरोघर गाठता येते, आणि ब्याऐंशी हजारांना गाठता आले.

भिगवणला वापरलेल्या प्रश्नावलीत माणसाच्या देहाची एक साधी रेखाकृती असते, पुढून आणि मागून. जिथे दुखते तिथे खूण करायची. गावातल्याच शिकवून तयार केलेल्या मुला-मुलींनी ती घरोघर नेली होती. बोटांची पेरे आणि मनगटे, दोन्ही हातांना सारखी खूण आली, सकाळी तासाहून अधिक ताठरपणा सांगितला आणि हे सहा आठवड्यांहून जुने असले, की डॉक्टरने पाहायचे. टोळ्या दसऱ्यानंतर हलतात. एका घराला वेळ लागतो तो दहा-पंधरा मिनिटांचा.